बाबांच्या मागे कोण कोण

एका मराठी दैनिकाच्या शहर आवृत्तीत मी वीसेक वर्षं निधनवार्ता लिहिल्या. मोठ्या माणसांच्या नव्हे. त्यांच्यासाठी पहिलं पान असतं, फोटो असतो, आणि बऱ्याचदा ते जायच्या आधीच मजकूर तयार असतो. माझ्याकडे यायचे ते बाकीचे. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारा, कुणी हयातभर एकाच दुकानात कापड मोजणारा. दुपारी मुलगा नाहीतर पुतण्या आंघोळ करून तसाच ओल्या केसांनी यायचा, हातात वहीचा फाडलेला कागद. त्यावरून मी चार ओळी करायच्या. नाव, वय, कुठल्या पेठेत राहायचे ते, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: त्यांच्यामागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.

आमचे मुख्य उपसंपादक मोठे तिखट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं, "गल्लीत गणपती बसवला असेल तर सामाजिक कार्यकर्ते लिहायचं. पेटी वाजवत असतील तर संगीतप्रेमी. काहीच केलं नसेल तर कुटुंबवत्सल." आणि पुन्हा समोरच्या मजकुरात डोकं घातलं. हसले सुद्धा नाहीत.

एकदा रविवार पेठेतल्या एका बुकबाइंडरची मुलगी आली होती. मुसलमान घर, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. कागद तिने नीट लिहून आणला होता, पण तो देऊनही ती जाईना. म्हणाली, "आमची आई लवकर गेली. अब्बा रोज सकाळी आम्हा चौघींच्या वेण्या घालायचे. त्यांच्या बोटांना खळ लागलेली असायची, केस चिकटायचे, आम्ही ओरडायचो. हे छापता येईल का?" मी ते एका वाक्यात बसवलं. साहेबांनी त्यावर काट मारली. मी भांडायला गेले, तर म्हणाले, "बाई, जागा किती आहे?" दुसऱ्या दिवशी कुटुंबवत्सल छापून आलं. तो शब्द दिसला की अजून माझं डोकं फिरतं. एवढी मोठी चाकरी करून माणूस जातो आणि आपण त्याच्यावर एक शिक्का मारून मोकळे होतो.

माझे बाबा त्याच माळेतले. टपाल खात्यात कारकून. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सदाशिव पेठेतल्या आमच्या जिन्याखाली सायकल लागायची. येताना मंडईतून भाजी, आणि ती निवडून द्यायचं कामही त्यांचंच. जूनमध्ये आम्हा तिघा भावंडांच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचे आणि कोपरे असे दुमडायचे की मार्चपर्यंत सुटत नसत. आईची अर्धशिशी उठली की चप्पलसुद्धा वाजू नये म्हणून घरभर अनवाणी फिरायचे, आम्हाला खुणेने दटावायचे. सिनेमा नाही, मित्र नाहीत, पान नाही. नाकासमोर चालणारा माणूस. घरात कशावरूनही वाद झाला की त्यांचं एकच वाक्य असायचं, "आई म्हणते तसं करा." लहानपणी मला ते फार प्रेमळ वाटायचं. पुढे त्याच वाक्याची चीड यायला लागली.

त्याला कारण माझी मोठी बहीण. ताई बावीस वर्षांची होती. आमच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहून कॉलेज करणारा एक मुलगा होता, हिंजवडीच्या शेतकरी घरातला. तेव्हाची हिंजवडी म्हणजे पुण्यातल्या माणसाला कुठल्या दिशेला आहे हेही सांगता येऊ नये, असं गाव. मुलगा जातीबाहेरचा. ताईचं दुसरीकडे ठरत आलं होतं. सुपारी फुटायच्या आदल्या आठवड्यात तिने त्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि दोघं नमस्कार करायला घरी आले. आईने दार उघडलं. पाया पडायला वाकलेल्या ताईकडे तिने बघितलंही नाही. मागे वळून मला म्हणाली, "आत हो. आजपासून मला तू एकच मुलगी." बाबा माझ्या शेजारी उभे होते, हातात निवडलेल्या मेथीचं ताट. दार आईने लावलं, कडी बाबांनी घातली.

त्यानंतर वीसेक वर्षं आमच्या घरात ताई हा शब्द उच्चारला गेला नाही. मला बघायला येणारे विचारायचे, "मोठीचं नाव ऐकलं होतं, ती कुठे दिलीय?" आई म्हणायची, "मोठी नाही. हीच." पाहुणे एकमेकांकडे बघायचे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी लग्नच नको म्हणून सांगितलं आणि नोकरी धरली. पण मी काही फार चांगली होते असं नाही. पहिली काही वर्षं मला एकटीच मुलगी असण्याचं सुखसुद्धा झालं. ताईची खिडकीजवळची जागा मिळाली, तिची मोरपंखी साडी मिळाली. हिंजवडी बसने तास-दीड तासावर. मीही कधी गेले नाही. त्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

बाबा गेले ते पहाटे, घरीच. त्याच्या दोन महिने आधी त्यांनी मला गॅलरीत बोलावून हळूच सांगितलं होतं, "कपाटात माझ्या कपड्यांच्या खाली पाकीट आहे. मी गेलो की छापायला ते दे. तुमच्या लोकांच्या भाषेवर माझा विश्वास नाही." मला हसू आलं होतं. आमच्या पेपरमधल्या चुका ते रोज लाल पेन्सिलीने खुणा करून माझ्या हाती द्यायचे, त्यातलाच प्रकार वाटला.

सकाळी शेजारपाजार जमला. दादा, माझा मोठा भाऊ, कोथरूडहून वहिनी आणि मुलांना घेऊन आला. मी त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, "ताईला कळवू या. कुणी स्कूटरवर गेलं तर दोन-अडीच तासांत येईल ती."

"आईवर आज एवढं कोसळलंय ते पुरे नाही का?" दादा म्हणाला.

खालच्या दवाखान्यातले डॉक्टर नुकतेच वर येऊन आईला तपासून गेले होते. रक्तदाब खूप वाढलाय, आज त्यांना कसलाही धक्का बसू देऊ नका, असं बजावून गेले होते. मी गप्प बसले. गप्प बसायची आमच्या घराला सवयच होती. अकरा वाजता बाबांना वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. ताईला बापाचं शेवटचं दर्शन झालं नाही, आणि त्यात माझा हात आहे.

पुरुषमंडळी गेली आणि घर एकदम रिकामं झालं. आई आतल्या खोलीत, जिथे पीठ पसरून दिवा लावला होता तिथे, भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून ती रडली नव्हती की बोलली नव्हती. शेजारणी तिच्याजवळ होत्या. मी बाहेरच्या खोलीतलं कपाट उघडलं, दाराकडे पाठ केली आणि पाकीट फोडलं.

आत बाबांच्या टपोऱ्या अक्षरातला कागद होता. तारखेपुरती जागा कोरी सोडलेली. टपाल खात्यातून सेवानिवृत्त, सदाशिव पेठ, वगैरे. मग शेवटची ओळ. त्यांच्यामागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली, सून, जावई आणि चार नातवंडे असा परिवार आहे.

मी ती ओळ तीनदा वाचली. दादाला दोन मुलं. मग उरलेली दोन कुणाची, हे कळायला वेळ लागला नाही. पाकिटात आणखी दोन आंतर्देशीय पत्रं होती, टपाल कचेरीच्या पत्त्यावर आलेली. अक्षर ताईचं. एकात लिहिलं होतं, मुलगा झाला, दोघंही बरे आहोत, आईला सांगा. दुसऱ्यात, मुलगी झाली, सगळे म्हणतात तुमच्यावर गेली आहे, आईला सांगा. दुसरं पत्र आलं त्याच्या पुढच्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. कचेरी सुटली तशी पत्रंही थांबली असणार, कारण घरच्या पत्त्यावर लिहायची ताईची हिंमत झाली नसणार. आणि बाबांनी आईला काहीही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या घरात राहणाऱ्या मला कळलंच असतं.

मला बाबांचा असा संताप आला की रडू मागेच राहिलं. इतकी वर्षं जे यांच्या तोंडून निघालं नाही ते यांनी सुवाच्य अक्षरात लिहून माझ्या हाती ठेवलं आणि स्वतः निघून गेले. जिवंतपणी आईशी एक भांडण करवलं नाही, ते भांडणसुद्धा मुलीच्या अंगावर टाकलं. हे आमचे कुटुंबवत्सल!

राग थोडा ओसरल्यावर मला दुसरी सकाळ दिसायला लागली. हिंजवडीला आमच्या पेपरचा गठ्ठा जातो हे मला माहीत होतं. ताई लहानपणापासून पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. उद्या मी स्वतः तिच्याकडे जायचं ठरवलं होतं, पण मी बस पकडायच्या आत पेपर तिच्या दारात पडलेला असणार. बाप गेला हे तिला त्या चार ओळींतून कळणार होतं. त्याच ओळींत ती मुलगी म्हणून असेल, किंवा नसेल. दोन मुली छापून आल्या तर तिला बाप निदान मेल्यावर तरी मिळणार होता. एक मुलगी छापून आली तर आमच्या घराने तिला दुसऱ्यांदा, आणि ते सगळ्या पुण्यासमोर, दाराबाहेर काढल्यासारखं होणार होतं.

दुपारी दादा परतला. आंघोळ झाली, शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणला होता तो दोन घास कसाबसा खाल्ला, आणि त्याने खिशातून कागद काढला. "हे पेपरला दे. मी लिहिलंय." पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सून, दोन नातवंडे.

मी त्याच्यापुढे बाबांचा कागद धरला. त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि घडी घालून परत दिला. "हे छापायचं नाही."

"बाबांनी लिहिलंय."

"बाबा गेले. आम्हाला राहायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "रविवारी माझ्या मुलीच्या सासरची माणसं भेटायला येतील. लग्न दोन महिन्यांवर आलंय. दुसरी आत्या कुठे असते, असं त्यांनी विचारलं तर काय सांगू? आम्ही वीस वर्षं तिचं तोंड बघितलं नाही, असं सांगू?"

"खरं तेच सांग."

"तुला काय जातंय? तुला कुणाचं लग्न करायचंय?"

तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. त्याला कळलं आपण काय बोललो ते, कारण त्याने मान वळवली. दादा वाईट माणूस नाही. मुलीच्या लग्नासाठी त्याने वर्षभर स्वतःसाठी एक शर्ट घेतला नव्हता. तोही आपलं घरच सांभाळत होता. या घरात जो तो आपापलं घर सांभाळत होता, आणि दरवेळी त्याचा भुर्दंड ताईला पडत होता.

शेवटी तो म्हणाला, "आईला विचार. आई हो म्हणाली तर खुशाल छाप. मी एक शब्द बोलणार नाही." त्याला उत्तर ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आणि डॉक्टरांचं बोलणं दोघांनीही ऐकलं होतं.

मी दोनदा आत गेले. पहिल्यांदा आईचा हात हातात घेऊन बसले, तो थंडगार होता. तोंडाशी आलेलं तोंडातच राहिलं. दुसऱ्यांदा तिला चहा घेऊन गेले. तिने कप घेतला, खाली ठेवला. मी नुसतं "आई" म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दिव्याकडे बघायला लागली. या बाईला आज हे विचारायचं आणि तिला काही झालं तर? एका दिवसात दोघं? मी उठून बाहेर आले. दादाने भुवया उंचावून विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. साडेपाच वाजले, सहा वाजले. शेजारणी आपापल्या घरी दिवेलागणीला गेल्या. निधनवार्तांचं पान सात वाजता छपाईला सुटायचं. ते सुटलं की एक दिवस हातचा जाणार होता, आणि त्या एका दिवसात दादा स्वतः जाऊन त्याचा कागद देऊन आला असता. साडेसहाला तो चपला शोधायला लागला. मी त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले. आम्ही दोघं चाळिशी ओलांडलेली माणसं, लहान मुलांसारखी एकमेकांना अडवत होतो, आणि आवाज होऊ नये म्हणून कुजबुजत भांडत होतो.

एवढ्यात फोन वाजला. ऑफिसमधला सहकारी होता. "बाई, वाईट झालं. त्रास देत नाही, पण पान सोडायचंय. मजकूर फोनवर सांगता का? मी लिहून घेतो."

"सांगते," मी म्हटलं.

दादा झटकन जवळ आला. फोनच्या खटक्यापासून वीतभर अंतरावर हात धरून म्हणाला, "आईला विचारल्याशिवाय नाही. नाहीतर मी फोन कट करीन."

मला आईला विचारवत नव्हतं. पण वाचता येत होतं. मी बाबांचा कागद उलगडला आणि मोठ्याने, मुद्दाम आतल्या खोलीत जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं. वय वाचलं. टपाल खातं वाचलं. "त्यांच्यामागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली..."

दादाचं बोट खटक्यावर टेकलं.

"थांब," आतून आईचा आवाज आला.

सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द. दादाचं बोट होतं तिथेच राहिलं. फोनमध्ये सहकारी म्हणत होता, "दोन मुली, पुढे?" आतून भिंतीला धरून उठल्याचा, बांगड्यांचा आवाज आला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"पुन्हा वाच. कोण कोण ते."

मी वाचलं. "पत्नी, एक मुलगा, दोन मुली, सून, जावई आणि चार नातवंडे."

"कुणी लिहिलंय?"

"बाबांनी."

तिने हात पुढे केला. मी कागद दिला. चष्मा नव्हता, म्हणून तिने तो हात लांब करून धरला. अक्षर ओळखायला तिला चष्मा लागणार नव्हता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कधी तोल जाईल आणि कधी तिला धरावं लागेल म्हणून.

"चुकलंय," ती म्हणाली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. सांगितलं नव्हतं का, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

"चार नाही," आई म्हणाली. "पाच. तिला तीन आहेत. धाकटी चौथीत आहे."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"मंगळवारी दुपारी भाजी घेऊन दारावर येते ना, ती बाई तिच्या सासरच्या भावकीतली. दर मंगळवारी विचारते मी. परवाच म्हणाली, 'धाकली लई हुशार हाय, पार आज्यावर गेलीया.'"

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? मी त्या दिवशी रागाच्या भरात बोलून गेले. मला वाटलं, दोन दिवसांनी हे म्हणतील, जाऊ दे, बोलावू या तिला. मी वाट बघत राहिले. ह्यांनी कधी तिचं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटलं, ह्यांनाच ती नकोय. आणि ह्यांना नकोय ते घरात कसं आणायचं?"

दादाने खटक्यावरचं बोट उचललं. हात कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं, त्याने तो पाठीमागे नेला. फोनमध्ये सहकारी विचारत होता, "बाई, आहात ना? चार लिहू की पाच?"

"पाच," मी म्हटलं. "दोन मुली, सून, जावई, पाच नातवंडे."

आई तिथेच उंबऱ्यावर बसली. बाबांचा कागद तिने मांडीवर ठेवला, त्यावरून हात फिरवला, आणि आम्ही दोघं तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाली, "अहो, एवढं लिहिलंत. मग कधी बोलला का नाहीत?"